दोन घडींचं पाणी



गेल्या रविवारी पाठशाळेत नातवाला सोडायला आलेल्या एका काकूंनी मला दारातच गाठलं. "भिंतीवरचं ते लेश्यावृक्षाचं चित्र तू काढलंस म्हणे? नोकरी, घर, सासूबाईंचं सगळं बघून वेळ कुठनं काढतीस गं?" मी हसून "काढते कसातरी" म्हटलं आणि चपला घालून बाहेर पडले. पण घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं, कारण ते खरं नव्हतं. वेळ मी काढलेलाच नाही. तो मला आमच्या आक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी दिलाय. तोही मोजून, दोन घडी. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. शाळेत आम्हाला चित्रकलेचे फार चांगले सर होते. त्यांनी मला एलिमेंटरीला बसवलं, मग इंटरमीजिएटला. दोन्हीला ए ग्रेड मिळाली. तुमच्यापैकी ज्या बसल्या असतील त्यांना आठवेल, स्थिरचित्राला टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि मागे चुण्या पाडलेलं कापड. मला मात्र स्मरणचित्र आवडायचं. समोर काही नसताना बाजार, पाणवठा, बैलगाडी डोक्यातून कागदावर आणायची. सर आम्हाला कोल्हापूरच्या चित्रकारांच्या गोष्टी सांगायचे. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात अबालाल रहिमान नावाचे मोठे चित्रकार होते. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. मला तेव्हा वाटायचं, असं कसं कुणी करेल? आपण काढलेलं चित्र पाण्यात?

दहावीनंतर मला कोल्हापूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. अण्णा म्हणाले, "चित्रं काढ की, नको कोण म्हणतंय? पण शिक्षण कॉमर्सचं घे." त्यांचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही. त्याच बी.कॉम.च्या जोरावर पतसंस्थेत नोकरी मिळाली आणि दोन मुलांच्या शिक्षणाला माझा पगार उपयोगी पडला. १९९९ ला लग्न होऊन जयसिंगपूरला आले. येताना चित्रं आणली नाहीत. ती माहेरी पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या जुन्या वह्यांबरोबर राहिली.

पुढची वीस वर्षं मी काय काढलं? दारात रांगोळी. दशलक्षण पर्वात मंदिरासमोर अष्टमंगल. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये भारताचा नकाशा आणि पानाचा उभा छेद. कुणी छंद विचारला की मी ठरलेलं वाक्य म्हणायची, "चित्रकलेची खूप आवड आहे मला, सध्या वेळ मिळत नाही." ते 'सध्या' वीस वर्षं चाललं. आणि गंमत म्हणजे ते म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं कधी वाटलं नाही. कारण ट्रंक होती ना! ट्रंकेत पुरावा होता. मी चित्रकार आहे, फक्त रजेवर आहे, असं मनात पक्कं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. तो महिना आपल्या भागातलं कुणी विसरणार नाही. आई-अण्णांना आम्ही वेळेवर घरी आणलं. पाणी उतरल्यावर मी आणि हे गावी गेलो. घरात छातीइतकं पाणी येऊन गेलं होतं. भिंतीवर त्याची रेघ होती, खाली वीतभर चिखल, आणि तो वास. ट्रंक कॉटखालीच होती. उघडली तर आत कागद नव्हतेच, एक लगदा होता. आईने मागून येऊन उलथन्याने एकेक थर सोडवायला सुरुवात केली. भाकरी सोडवावी तशी हलक्या हाताने. जेवढे सुटले तेवढे तिने स्लॅबवर उन्हात पसरले आणि वर खडे ठेवले. रंग सगळे एकमेकांत जाऊन मातकट झाले होते, वाहून गेले होते. काही कागदांवर पेन्सिलीच्या रेघा मात्र तशाच होत्या. पेन्सिल पाण्यात विरघळत नाही. तांब्याची कड, वांग्याचं देठ, बैलगाडीचं एक चाक.

मी रडले नाही. रडायची सोयच नव्हती. शेजारच्यांचं धान्य सडलं होतं, पलीकडच्या गल्लीत दोन म्हशी गेल्या होत्या, तिथे मी शाळेतल्या चित्रांसाठी काय रडणार? पण परत येताना गाडीत एक गोष्ट लख्ख कळली. आता माझ्याकडे काही नाही. आता "चित्रकलेची आवड आहे" म्हणायला आधार नाही. वीस वर्षं मी चित्रं सांभाळत नव्हते, चित्र न काढण्याची सबब सांभाळत होते. परिग्रह म्हणजे दागिने आणि जमीनजुमलाच असं आपण समजतो. एक पत्र्याची ट्रंकसुद्धा माणसाला वीस वर्षं बांधून ठेवते.

त्या दिवाळीत मी रंग आणले. आणि इथे माझी दुसरी चूक झाली, तीही सांगते. उत्साहात चोवीस ट्यूब, बारा ब्रश, तीन प्रकारचे कागद, पॅलेट, स्टँड असं सगळं घेऊन आले. कपाटात लावून ठेवलं. रोज उघडून बघायची आणि बंद करायची. नवी ट्रंक भरली, दुसरं काय! मग लॉकडाऊन आलं. सगळे घरी असले की बाईला वेळ मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो काळ कुठे काढला कोण जाणे. पतसंस्था कमी वेळ का होईना उघडी असायची आणि घरात दिवसभर स्वयंपाकघर उघडं. ब्रशचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नाही.

शेवटी ते प्लॅस्टिक काढलं माझ्या लेकीने. तिने ब्रशच्या दांड्यावरची अक्षरं वाचली आणि फोनवर शोधून मला म्हणाली, "मम्मी, हे कुणाचे केस आहेत माहितीय का?" मैत्रिणींनो, हा भाग नीट वाचा, कारण आपण कांदा-लसणाची चौकशी करतो, पर्सच्या चामड्याची करतो, पण ब्रशची कुणी करत नाही. महागड्या जलरंगाच्या ब्रशांवर 'सेबल' लिहिलेलं असतं. ते मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका थंड प्रदेशातल्या प्राण्याच्या शेपटीचे केस. मोठे मऊ ब्रश बरेचदा खारीच्या केसांचे असतात, तैलरंगाचे राठ ब्रश डुकराच्या केसांचे. आपल्या देशात तर ब्रशांसाठी मुंगसं मारली जायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो आता गुन्हा आहे, तरी 'खऱ्या केसांचा' म्हणून कुणी काही विकायला काढलं तर हात आखडता घ्यावा.

रंगांचंही तेच. जलरंग मुळात डिंकात बांधलेले असतात, ते ठीक. पण काही परदेशी कंपन्या त्यात मध घालतात, रंग ओलसर राहावा म्हणून. मद्य, मांस, मधु यांचा त्याग आपण लहानपणापासून म्हणत आलो आणि मध रंगाच्या ट्यूबमध्ये लपलेला! 'कार्माइन' हा लाल रंग किड्यांपासून काढतात. 'आयव्हरी ब्लॅक' नावाचा काळा जळक्या हाडांचा असतो. भारी कागदाला कधी कधी जिलेटिनचा हात दिलेला असतो. हे सगळं कळल्यावर मी दोन दिवस सुन्न होते. मग आम्ही मायलेकींनी बसून निवड केली. नायलॉनच्या, म्हणजे कृत्रिम केसांचे तीन ब्रश. एक चपटा, दोन गोल. सहा ट्यूब: दोन निळे, दोन पिवळे, एक लाल, एक तपकिरी. काळा ठेवलाच नाही. गडद निळ्यात तपकिरी मिसळला की हवा तेवढा काळा होतो. बाकी रंग लेकीच्या मैत्रिणींना वाटून टाकले. केसांचे ब्रश मात्र कुणाला द्यावेत तेही कळेना. ते आजही एका डब्यात आहेत, आपल्या अज्ञानाची आठवण म्हणून.

हे परिमाण ठरल्यावर आश्चर्य असं झालं की हात चालायला लागला. चोवीस रंग समोर असताना सुरुवात कुठून करावी कळत नव्हतं. सहात सुचायला लागलं. आणि वेळेचं म्हणाल तर आपल्या घरांचा एक मोठा फायदा मला चाळिशी उलटल्यावर लक्षात आला. आपली जेवणं सूर्यास्ताआधी होतात. शेजारच्या घरी नऊला कुकरची शिट्टी होते तेव्हा आपला ओटा कधीच पुसून झालेला असतो. थंडीत दिवस सहालाच मावळतो, तेव्हा मी डबा नेते आणि साडेपाचला पतसंस्थेतच खाऊन घेते. म्हणजे संध्याकाळ आपल्याला मिळालेली असते. ती जाते कुठे, ते ज्याचं त्याने बघावं. माझी मोबाइलमध्ये जात होती.

तर संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी बसायला लागले. पहिल्या महिनाभरात जे काढलं ते दाखवण्यासारखं नव्हतं. नववीतल्या मुलीचा हात मला परत मिळेल असं वाटलं होतं, तो काही मिळाला नाही. डोळ्याला दिसायचं एक आणि हात करायचा भलतंच. तरी बसत होते. लेकीचं तेव्हा दहावीचं वर्ष होतं. एक नणंद आली आणि म्हणाली, "पोरगीची बोर्डाची परीक्षा आणि आईचं हे काय नवीन?" मी हसले, पण ते लागलं. कारण मला स्वतःलाच आतून तसं वाटत होतं.

आणि मग ते झालं. आक्कांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर दर दोन तासांनी थेंब घालायचे होते, दोन बाटल्या, मध्ये पाच मिनिटं सोडून. दिवसा लेक घालायची, संध्याकाळी साडेसात आणि साडेनऊची पाळी माझी. चौथ्या दिवशी मी आमच्या परसातल्या चाफ्याचं चित्र काढायला बसले. आभाळाचा ओला रंग पसरला होता, तो वाळायच्या आत खाली उतरवायचा होता. एकदा मान खाली घातली ती वर केली तेव्हा घड्याळात दहाला दहा कमी होते. दोन्ही वेळा चुकल्या होत्या. धावत आत गेले. आक्का अंधारात कॉटवर बसून होत्या, काळा चष्मा लावून, हातात माळ. म्हणाल्या, "आलीस? घाल आता." एवढंच.

सकाळी डोळा लाल दिसला. आमचा जीव उडाला. हे त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, थोडी सूज आहे, काळजीचं नाही, पण थेंब चुकवू नका. डोळा आठवड्यात निवळला. मला मात्र कुणी काही बोललं नाही याचंच जास्त वाईट वाटलं. यांनी तर डॉक्टरांना सांगितलंही नाही कुणाच्या हातून चुकलं ते. त्याच रात्री मी रंग, ब्रश, कागद सगळं पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. मनात म्हटलं, झालं तेवढं पुरे. घरातल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा आपलं आभाळ मोठं नाही.

महिना, सव्वा महिना गेला असेल. आक्कांना चांगलं दिसायला लागलं होतं. एक दिवस मी भाजी निवडत होते आणि त्या समोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "हल्ली तुझ्या ब्रशाचा आवाज येत नाही गं."

"कसला आवाज?"

"वाटीत खळखळ करायचीस ना. स्टीलच्या वाटीला ब्रश लागायचा. डोळ्याला पट्टी होती तेव्हा तेवढाच ऐकत पडायची मी. बरं वाटायचं. घरात कुणीतरी खुशीत आहे असं वाटायचं."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी तुम्ही मला हाक का मारली नाही?"

"आवाज चालू होता की. म्हटलं, चालू दे."

मी रडले. पुरानंतर जे रडू आलं नव्हतं तेही त्यातच आलं असावं. आक्कांनी रडू दिलं आणि मग आपल्या पद्धतीने हिशोब मांडला. त्या रोज संध्याकाळी सामायिकाला बसतात, दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणाल्या, "मी सामायिकाला बसते तेव्हा या घरात कुणी मला हाक मारतं का? दूधवाला आला तरी तुम्ही बघता. मग तू पण त्याच वेळेला बस. आधी माझं औषधपाणी, पोरीचं काय असेल ते बघायचं, मग बसायचं. आणि एक सांगू? तू वाटीत पाणी तसंच उघडं ठेवतेस रात्रभर. सकाळी त्यात चिलटं मरून पडलेली असतात, मी बघितलीत पूर्वी. गाळलेलं पाणी घ्यावं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा किती? दोन घडी. पाणी संपलं की चित्र संपलं. वाटी धुवायची, पालथी घालायची, उठायचं."

मी म्हटलं, "आक्का, पण चित्र काढणं म्हणजे काही सामायिक नव्हे."

"नव्हेच," त्या म्हणाल्या, "सामायिकात सगळं सोडून बसायचं असतं, तू तर रंग धरून बसणार. पण दिवसभर मनातल्या मनात हे राहिलं, ते राहिलं करत कुढत बसतेस, त्या आर्तध्यानापेक्षा बरं."

लेक आतून ओरडली, "आजी, पाण्यात लवंग घातली की प्रासुक होतं ना? मग मम्मीला सहा तास मिळतील!" आक्का म्हणाल्या, "गप अभ्यास कर."

तेव्हापासून आमच्या घरी हा नेम आहे. संध्याकाळी आक्का आपल्या चटईवर पूर्वेकडे तोंड करून बसतात आणि मी टेबलाशी बसते. आधी थेंब, गोळी, दाराची कडी. मग वाटीत गाळलेलं पाणी. आक्कांचं णमोकार सुरू झालं की माझा ब्रश भिजतो, त्यांनी हात जोडले की मी वाटी उचलते. अर्धवट राहिलं तर राहिलं. पहिले पंधरा दिवस ते उठणं फार जड गेलं. ओला रंग तसाच सोडून उठायचं म्हणजे जीव तुटायचा. पण हळूहळू त्याचीही सवय झाली, आणि एक गोष्ट झाली जी मला आधी कुणी सांगितली असती तर पटली नसती. वेळ मोजका झाल्यावर अपराधी वाटणं बंद झालं. बसल्यावर घर आठवत नाही आणि उठल्यावर चित्र आठवत नाही. पूर्वी दोन्हीकडे अर्धी-अर्धी होते. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात, म्हणून चातुर्मासात संध्याकाळी बसत नाही. तेव्हा रविवारची दुपार घेते, खिडकीच्या उजेडात.

तरी मनाच्या एका कोपऱ्यात शंका होतीच. हा प्रमाद तर नव्हे? आपल्याला शोभतं का हे? मग मंदिरात स्वाध्यायाला आदिपुराण लागलं. आदिनाथ भगवान राजा असताना आपल्या मुलांना विद्या शिकवतात तो भाग आला. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले हे आपल्याला पाठच आहे. पण त्यापुढे मुलांच्या विद्या येतात, त्यात अनंतविजय या पुत्राला त्यांनी चित्रकला शिकवली असं आहे. हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. शेजारी बसलेल्या आक्कांनी मला कोपराने असं ढोसलं की पुढच्या ओळीतल्या बाईंनी वळून बघितलं.

आता त्या लेश्यावृक्षाचं. पाठशाळेत पूर्वी त्याचा फ्लेक्स होता. उन्हाने त्याचे लाल-पिवळे उडून सगळं निळं पडलं होतं. सहाच्या सहा माणसं नील लेश्येची झाली होती! पाठशाळेच्या ताई म्हणाल्या, "दशलक्षणाच्या आधी नवं काढून देता का?" मी हो म्हटलं आणि मग पोटात गोळा आला. पुस्तकाएवढ्या कागदावर चाफा काढणं वेगळं, आणि मुलं रोज बघणार ते चित्र वेगळं. आषाढ-श्रावणातले आठ रविवार मी त्यावर बसले.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. सहा भुकेली माणसं फळांनी लगडलेल्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो मुळापासून उपटू, दुसरा म्हणतो खोड तोडू, तिसरा मोठ्या फांद्या, चौथा लहान डहाळ्या, पाचवा म्हणतो फळंच तोडू, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत की, ती खाऊ. शास्त्रात या लेश्यांच्या रंगांना उपमा दिल्या आहेत: भुंग्यासारखा कृष्ण, नीलमण्यासारखा नील, पारव्यासारखा कापोत, सोन्यासारखा पीत, कमळासारखा पद्म, शंखासारखा शुक्ल. हे रंग मिसळताना मला लेश्येची व्याख्या नव्याने समजली. कषायांनी रंगलेली मन-वचन-कायेची प्रवृत्ती म्हणजे लेश्या. रंगलेली! पाठशाळेत हे घोकलं होतं, पण रंग स्वच्छ वाटीत पडला की वाटीभर कसा पसरतो, हे बोटांनी अनुभवल्यावर ते घोकलेलं खरं झालं. ब्रशाच्या टोकावरचा एक थेंब, आणि सगळं पाणी गढूळ.

कुऱ्हाडवाला मला फार चांगला साधला. गडद निळा आणि तपकिरी मिसळून केलेला काळा, दंडाचे फुगलेले स्नायू, मिटलेले ओठ. रागावलेला माणूस कसा उभा राहतो ते काढायला मला समोर कुणाला उभं करावं लागलं नाही, आरशातलं आठवलं. सहावा मात्र काही केल्या येईना. तीनदा काढला. शेवटी पर्व जवळ आलं म्हणून त्याच्या धोतरावर मुलाच्या जुन्या पोस्टर कलरच्या बाटलीतला पांढरा लावला आणि चित्र पूर्ण केलं. समितीच्या काकांनी विचारलं, खाली कुणाचं नाव घालायचं? मी म्हटलं नको. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख तेवढी टाकली. पेन्सिल टिकते, हे मला आता माहीत आहे.

पर्वाच्या पहिल्या दिवशी मुलं चित्रापुढे जमली. दुसरीतला एक मुलगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "काकू, हा कुऱ्हाडवाला लई भारी आलाय. पण हा खाली बसलाय तो असा खडूसारखा का दिसतोय? तुम्हाला घाई झाली होती का?"

मैत्रिणींनो, सगळ्यांनी कौतुक केलं होतं. खरं तेवढं ते पोर बोललं. मी म्हटलं, "हो रे, घाई झाली." त्याने समजूतदारपणे मान हलवली.

त्या संध्याकाळी मी आक्कांना हे सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कुऱ्हाड आपल्या ओळखीची. सहाव्याला अजून भेटायचंय आपल्याला." मी मात्र रंगांचा विचार करत बसले आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. सरांनी आठवीत पहिल्या तासाला शिकवलेलं मी विसरले होते: जलरंगात पांढरा लावायचा नसतो, ठेवायचा असतो. कागदाचा पांढरेपणा तेवढ्या जागी न रंगवता राखायचा. आजूबाजूला रंग भरताना हात आवरायचा, म्हणजे मधलं आपोआप उजळतं. सहाव्या माणसाला मी आधी बाकीच्यांसारखाच रंगवला होता आणि मग वरून शुभ्र फासला. शुक्ल असा फासून येत नाही. तिथे काहीच लागू द्यायचं नसतं.

यंदा पाठशाळेच्या ताईंना सांगून ठेवलंय, ते चित्र काढून द्या, मी नवं देते. नवा कागद आणलाय. या वेळी सुरुवात सहाव्यापासून करणार, म्हणजे त्याच्या जागेपासून. ती पेन्सिलीने आखून ठेवली आहे.

तुमच्यापैकी कुणाची ट्रंक असेल, कुणाची पेटी, कुणाचं भरतकाम, कुणाची घुंगरं. त्यांना एकच सांगते. सगळी कामं संपल्यावर बसू म्हणाल तर ती संपत नाहीत. आधी घरच्या माणसांची औषधं द्या, मग वाटीभर पाणी गाळून घ्या. ते चांगलं आहे तोवर बसा. मग उठा.

आत आक्कांनी चटई घातल्याचा आवाज आला. सात वाजून गेले. चला, थेंब घालायचे आहेत, आता उजव्या डोळ्याचे.

जय जिनेंद्र.